गुलमर्ग, डिसेंबरचा शेवट: बर्फ असेल का, आणि असला तर कसा?

गोदाकाठ · १९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. २० ते २७ डिसेंबर गुलमर्गला जायचं घाटतंय. मी, बायको, मुलगी (वय १४) आणि माझा मेहुणा. आम्हा तिघांनी आजवर स्कीला हातही लावलेला नाही. मेहुणा काही वर्षं म्युनिकला नोकरीला होता, तिथून ऑस्ट्रियात नेमाने जायचा, चांगलं स्कीइंग करतो. त्याला गोंडोलाने (केबल कारने) थेट गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर जाऊन तिथून खाली यायचंय, त्यासाठीच तो आमच्याबरोबर येतोय.

हॉटेलवाल्याने परवा पांढऱ्याशुभ्र मैदानाचा व्हिडिओ पाठवला आणि "इस बार बहुत बर्फ है" म्हणाला. दुसरीकडे एक मित्र म्हणतो की डिसेंबरात तिकडे गवतच बघायला मिळतं. श्रीनगरची तिकिटं रोज महाग होताहेत, म्हणून लवकर ठरवायचंय. त्या तारखांना बर्फ धरून चालावं का? की उत्तराखंडातलं औली बरं पडेल? मुलीला यंदा शिकवायचंच असं मनात आहे.

डोंगरदऱ्या · १९ नोव्हेंबर

आम्ही डिसेंबर २०२३ च्या शेवटी गेलो होतो. मैदानात तपकिरी गवत, वर कोंगडोरीच्या (गोंडोलाचा मधला थांबा) पुढे थोडं पांढरं. गोंडोलात बसलो, फोटो काढले, परत आलो. मुलं फार हिरमुसली. जमत असेल तर फेब्रुवारी करा.

हिमरेषा · २० नोव्हेंबर

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र झालेत. बर्फ पडेल का, हा एक. पडलेला बर्फ स्कीखाली धरेल असा बसलेला असेल का, हा दुसरा. डिसेंबरात सगळं अडतं ते या दुसऱ्यापाशी. मी पुण्याची, पण दर हिवाळ्यात काही आठवडे गुलमर्गला असते, तिथेच शिकले. माझे शिक्षक तंगमर्गचे आहेत. त्यांच्याबरोबर हंगामाच्या सुरुवातीचे उतार बघत हिंडण्यात माझा बराच वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो व्हिडिओ. नोव्हेंबरातल्या बर्फावर हिशेब मांडू नका. ७ नोव्हेंबर २०१९ ला काश्मीरात इतका ओला, जड बर्फ पडला की पानं अजून न गळलेली सफरचंदाची झाडं फांद्यांसकट मोडली. २०१८ मध्येही ३ नोव्हेंबरला हेच झालं होतं. म्हणजे बर्फ लवकर येतो, कधी भरपूर येतो. पण जमिनीत ऊब असते, दुपारचं ऊन कडक असतं, आणि गुलमर्गच्या मैदानात, २,६५० मीटरवर, तो बघता बघता विरून जातो. राहतो तो वर, अफरवटच्या सावलीच्या उतारांवर. तुमच्या मेहुण्यांना हे वाचून बरं वाटेल, पण मला काळजी त्याच बर्फाची आहे. त्याकडे येते.

काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडून ढग येतात, पीर पंजालवर चढतात आणि रिते होतात. अफरवट याच रांगेत आहे. हे विक्षोभ कॅलेंडर बघून येत नाहीत. थंडी मात्र तारखेला येते: २१ डिसेंबरला चिल्ला-ए-कलां सुरू होतो, चाळीस दिवसांचा, आणि तुम्ही नेमके त्याच वेळी तिथे असाल. गारठा असणार हे नक्की, बर्फाचं तसं नाही. कोरडी, निरभ्र, हाडं गोठवणारी थंडी आणि खाली उघडं मैदान, हेही होतं. जानेवारी २०२४ निम्मा सरला तरी गुलमर्ग कोरडंच होतं. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा त्या वर्षी २१ फेब्रुवारीला सुरू झाला. आणि डोंगरदऱ्या फेब्रुवारी म्हणताहेत ते बरोबरच आहे, पण तोही हमखास नाही. २०२५ मध्ये गुलमर्गमधल्या याच स्पर्धा २२ फेब्रुवारीला ठरल्या होत्या, बर्फ पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलल्या, त्या ९ मार्चला झाल्या. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य यात शक्यता सगळ्यात चांगली, एवढंच म्हणता येतं.

अंदाज कसा वाचायचा? हवामान खात्याचं श्रीनगर केंद्र विक्षोभाची सूचना चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी भरवशाने देतं. दहा-पंधरा दिवसांपुढचं जे मोबाइलवर दिसतं त्यावर तिकीट काढू नका. सूचना आली की एक साधी आकडेमोड करायची. ढगाळ, पावसाळी हवेत दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. श्रीनगर १,५८५ मीटरवर. तिथे पाऊस पडताना ८ अंश असतील तर गुलमर्गला दीड-दोन निघतात, म्हणजे चिखलासारखा ओला बर्फ किंवा चक्क पाऊस. त्याच वेळी अफरवटच्या स्टेशनवर, ३,९०० मीटरच्या वर, उणे सहा असतं आणि तिथे कोरडा, सुका बर्फ पडत असतो. "गुलमर्गला बर्फ पडला" या बातमीत कुठल्या उंचीवर ते कळत नाही, म्हणून हे गणित स्वतः करावं लागतं. निरभ्र रात्री मात्र हे लावू नका. तेव्हा गार हवा खाली दरीत उतरून बसते आणि श्रीनगरचं किमान तापमान गुलमर्गच्या जवळपास जातं.

आता तुम्ही तिघं. तुम्हाला शिकायचंय ते गोल्फ कोर्सच्या बाजूच्या सपाट, हलक्या उतारांवर. तिथे खाली गवत आहे, दगड नाहीत. असा उतार तीस-चाळीस सेंटीमीटर दाबून बसलेल्या बर्फावरही चालतो. त्यामुळे डिसेंबरात एखादा चांगला विक्षोभ होऊन गेला की मुलीचं शिकणं होऊ शकतं, आणि नवशिक्यांना तेवढं पुरेसंही आहे. सकाळी लवकर जाऊ नका. आदल्या दुपारी वितळलेलं रात्री गोठून काचेसारखं टणक होतं, त्यावर पहिल्या दिवशी पडलं की मनगट जातं आणि भीती बसते ती वेगळीच. अकरा ते दोन ही वेळ धरा. हॉटेलवाल्याकडे व्हिडिओ मागू नका. काठी बर्फात जमिनीपर्यंत रोवून, किती बुडाली ते दिसेल असा आजचा फोटो मागा. जो मनापासून मदत करणारा असेल तो देतो.

वरचं गणित वेगळं आहे. कोंगडोरीच्या (सुमारे ३,०८० मीटर) आसपासच्या जंगलात तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत, आडवे ओंडके आहेत. त्याच्या वर उघडा, खडकाळ डोंगर. तिथे अर्धा मीटर बर्फ म्हणजे काहीच नव्हे. दगड झाकले जातात, पण बुजत नाहीत. स्की वेगात असताना टोक त्यावर अडकलं तर गुडघा पिळवटतो. मीटर-दीड मीटर बसल्याशिवाय माझे शिक्षक कुणालाही तिथे मोकळं सोडत नाहीत.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ थर आतून कुजतो. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास असतं, कारण जमिनीची ऊब वर येत राहते. वरची हवा समजा उणे बारा. थर चाळीस सेंटीमीटरचा असेल तर चाळीस सेंटीमीटरमध्ये बारा अंशांचा फरक, म्हणजे दर दहा सेंटीमीटरला तीन. हा फरक एक अंशाच्या पुढे गेला की बर्फातली वाफ तळाकडून वर सरकू लागते, आणि तळाचे बारीक, एकमेकांना चिकटलेले कण बदलून मोठे, कोरडे, सुटे दाणे तयार होतात. मुठीत घेतले तर जाड रव्यासारखे बोटांतून गळून जातात, गोळा होतच नाही. तोच थर दीड मीटरचा असता तर फरक दहा सेंटीमीटरला एक अंशाहून कमी राहिला असता आणि बर्फ हळूहळू घट्ट झाला असता. म्हणजे ज्या डिसेंबरात थोडा बर्फ आणि भरपूर निरभ्र थंडी असते, त्या डिसेंबरात डोंगर वरून सुंदर दिसतो आणि पायाखाली सुटे दाणे पसरलेले असतात. मग जानेवारीत मोठा विक्षोभ येतो आणि सगळं वजन त्या दाण्यांवर पडतं.

हा थर दिसत नाही. माझे शिक्षक चालता चालता काठी उलटी करून मुठीकडून बर्फात दाबतात. वर विरोध लागतो, मग अचानक काठी सटकन आत जाते. तिथे ते थांबतात आणि दिशा बदलतात. कधी पाय टाकल्यावर आजूबाजूचा बर्फ "धप्प" आवाज करून किंचित खाली बसतो. तो आवाज ऐकला की त्या दिवशी तीव्र उतार संपले, मग आकाश कितीही निळं असो. हे मी इतक्या आग्रहाने लिहिते कारण बाहेरून येणारे चांगले स्कीअर ताज्या बर्फाकडे बघतात आणि खालच्या बर्फाची चौकशीच करत नाहीत.

औलीबद्दल थोडक्यात. उंची साधारण गुलमर्गएवढीच, २,५०० ते ३,०५० मीटर, आणि बर्फ त्याच विक्षोभांचा, पण ते पूर्वेकडे पोचेपर्यंत बऱ्याचदा ओसरलेले असतात. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, पण त्यांनाही आधी थंडी लागते. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यावर रोपवे बंद करावा लागला, त्यामुळे वर जायचं ते गाडीने. डिसेंबरच्या भरवशासाठी औली निवडू नका.

डेन्व्हरकर · २० नोव्हेंबर

हिमरेषा यांनी दाण्यांचं लिहिलंय ते आमच्याकडे कोलोरॅडोत दर वर्षीचं दुखणं आहे. समुद्रापासून लांब, उंच, कोरडी थंडी, ऑक्टोबरात पातळ बर्फ, मग आठवडेच्या आठवडे ऊन. इथले जुने लोक पहिल्या बर्फाने आनंदून जात नाहीत, तो सावलीच्या उतारांवर टिकून राहिला की काळजीत पडतात.

एक भर घालतो. अरापाहो बेसिन, लव्हलँड, कीस्टोन यांच्यात ऑक्टोबरमध्येच आधी कोण उघडतं अशी चुरस असते. पण ते उघडतात बर्फाच्या तोफांवर. हवा पुरेशी थंड आणि कोरडी झाली की रात्रभर पाणी फवारून एकच पट्टी तयार करतात, दोन्ही बाजूंना माती आणि दगड. पट्टीवर गर्दी असते, बर्फ टणक असतो, पण तो मोजून घातलेला असतो. युरोपातही आता बरीच मोठी केंद्रं सुरुवातीला अशीच चालतात. मेहुण्यांच्या मनात "लिफ्ट सुरू आहे म्हणजे खाली बेस (पुरेसा बसलेला बर्फ) आहे" हे समीकरण पक्कं बसलं असेल. गुलमर्गचे उतार आभाळातून पडलेल्या बर्फावर चालतात, आणि गोंडोला तर स्की न करणाऱ्या पर्यटकांसाठी उन्हाळ्यातही चालू असते. वर नेऊन सोडलं म्हणजे खाली यायला वाट आहे, असं नाही.

गोदाकाठ · २१ नोव्हेंबर

दोघांचे मनापासून आभार. रात्री सगळं मेहुण्याला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं: त्याच्याकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे, ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये तो रोज सकाळी हिमस्खलनाचा धोका एक ते पाच कितवा आहे ते बघूनच निघायचा. त्याचा प्रश्न असा की समजा १८-१९ डिसेंबरला मोठा विक्षोभ येऊन वर साठ सेंटीमीटर ताजा बर्फ पडला, आणि २१ ला आकाश मोकळं झालं, तर मग गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे अफरवटवरून, स्की करत यायला काय हरकत?

हिमरेषा · २१ नोव्हेंबर

त्यांनी वर्णन केला तोच दिवस मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. हे त्यांना घाबरवायला लिहीत नाही, हिशेब मांडते. ताजा, सुका बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो धरला तर साठ सेंटीमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर साठ किलो नवं ओझं. ते पडणार नोव्हेंबरच्या उरलेल्या, दाणे झालेल्या थरावर. वर वारा असतोच. तो कड्याच्या एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो, त्यामुळे तिथे साठ नाही, मीटरभर जाड आणि कडक पाटा तयार होतो. बहुतेक हिमस्खलनं वादळ चालू असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच होतात. शिवाय खाली दाणे असतील तर दोन दिवस थांबूनही धोका सरत नाही, आठवडेच्या आठवडे राहतो. २१ ची निळी सकाळ, गोंडोलाबाहेर रांग, वर कुणाचाच माग नसलेला उतार. मन तिथे ओढ घेणारच, मलाही ते चांगलं ठाऊक आहे.

टायरॉल आणि गुलमर्ग यांतला फरक त्यांना नीट सांगा. तिथे तुमच्या दरीचा, तुमच्या उंचीचा, उताराच्या दिशेचा अंदाज रोज सकाळी मिळतो. आपल्याकडे डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था सूचना काढते ती जिल्ह्याची: बारामुल्ला जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर मध्यम धोका, अशी. ती जरूर बघायची, पण अफरवटच्या कुठल्या नाळेत काय आहे हे तिच्यातून कळत नाही. ते कळतं गोंडोलाच्या स्की पेट्रोलकडून. ही माणसं पहाटे वर जाऊन स्फोट करून गोंडोलाखालची मुख्य बशी (बशीसारखा खोलगट, रुंद उतार) मोकळी करतात आणि मगच स्कीअरना सोडतात. ती बशी सोडून डावी-उजवीकडच्या सगळ्या नाळा बेवारशी आहेत. तिथे कुणी काही केलेलं नसतं.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला, खाली खेलो इंडिया स्पर्धा चालू असताना, खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर गेला. युरोपातून आलेली माणसं होती ही. बीकन असणं चांगलंच, पण त्याचा उपयोग सोबत्याला, आणि तोही पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. मेहुण्यांचा सोबती कोण असणार? तुम्ही तिघं खाली मैदानात असाल.

म्हणून माझं स्पष्ट मत: डिसेंबरात गेलात तर त्यांनी कोंगडोरीच्या तयार केलेल्या उतारांवर आणि मेरी शोल्डरची चेअरलिफ्ट चालू असेल तर तिथे स्की करावी. वर जायचंच असेल तर पेट्रोलने बशी उघडल्यावर, तिच्या आतच, आणि स्थानिक गाइड घेऊन. बशीबाहेर तीस अंशांपेक्षा कमी उतार, आणि ज्याच्या डोक्यावर तीव्र उतार लटकलेला नाही असाच. फोनमध्ये कोन मोजता येतो, अंदाजाने ठरवू नये, कारण खाली बघताना नजर हमखास चुकते. आणि पहिल्याच दिवशी नको. नाशिकहून दोन दिवसांत जवळपास चार हजार मीटरवर पोचून दमदार स्कीइंग करायचं म्हणजे डोकं दुखणार, निर्णय ढिले होणार.

मोठा विक्षोभ नेमका तुमच्या तारखांना आला तर प्रवासाचाही विचार करून ठेवा. २७ डिसेंबर २०२४ च्या बर्फानंतर श्रीनगरची विमानं रद्द झाली होती आणि पर्यटक अडकले होते. तंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा तेरा किलोमीटरचा घाट बर्फात फक्त साखळ्या लावलेल्या गाड्यांना किंवा फोर-बाय-फोरला खुला असतो. परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला मुक्काम ठेवा.

मुलीच्या शाळेचं जमत असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा करा, मेहुण्यांसाठीही तोच बरा. नसेल जमत तर डिसेंबरात जरूर जा, पण ती सहल मुलीच्या शिकण्याची समजा आणि हॉटेल पैसे परत मिळतील असंच घ्या.

गोदाकाठ · २३ नोव्हेंबर

शाळेत विचारलं. पूर्वपरीक्षा जानेवारीत संपते, फेब्रुवारीत आठवडाभराची रजा मिळेल. ३ ते १० फेब्रुवारी ठरवतोय. मेहुणा थोडा नाराज होता, पण काल रात्री त्यानेच विचारलं की गाइड आधीपासून ठरवावा लागतो का. मुलीसाठी इथून काय घेऊन जावं?

हिमरेषा · २३ नोव्हेंबर

फार छान. गाइड जानेवारीतच बोलून ठेवा, फेब्रुवारीत चांगली माणसं मोकळी नसतात. आणि ठरवताना एवढं विचारा: "यंदा डिसेंबरात वर किती बर्फ होता आणि तळाचा थर कसा आहे?" याचं उत्तर जो थांबून, नीट देईल तो घ्या.

स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात. बूट घालून दहा मिनिटं चालून बघायला सांगा. टाच आत उचलली जात असेल तर एक माप लहान मागा. हेल्मेट मापाचं मिळेलच असं नाही, ते इथूनच न्या. लोकरीचे हातमोजे नकोत, नवशिकी मुलं दिवसभर बर्फात हात टेकतात आणि लोकर भिजते. पाणी न शिरणारे घ्या, दोन जोड. गॉगल पिवळ्या किंवा नारिंगी काचेचा. ढगाळ दिवशी बर्फ आणि आकाश एक होतं, उंचसखल दिसत नाही, तेव्हा काळ्या काचेने अजूनच आंधळं व्हायला होतं. पायमोजे एकच जोड, पातळ, गुडघ्यापर्यंत. दोन जोड घातले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय जास्तच गारठतात.